तुलांबेनचा किनारा आणि चष्म्याची ठेव

बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नांवाचें एक लहानसें गांव आहे. बेटाच्या दक्षिण भागांतील विमानतळावरून मोटारीनें तेथें पोहोंचावयास सुमारें तीन तास लागतात. वाटेंत आरंभीं हिरवीगार भातखाचरें, नारळीचीं बनें आणि पदोपदीं देवळें लागतात. आपण रत्नागिरीकडेच कोठें तरी चाललों आहों असा क्षणभर भास होतो. तीर्त गंगा मागें पडली म्हणजे मात्र देखावा पालटतो. हिरवळ विरळ होत जाते, माती करडी व पुढें काळी दिसूं लागते, आणि डाव्या हातास तीन हजार मीटरांहून उंच असा अगुंग पर्वत अर्धें आकाश अडवून उभा राहतो. हा ज्वालामुखी अद्याप जागृत आहे. १९६३ सालच्या त्याच्या उद्रेकांत हजाराहून अधिक माणसें दगावलीं. तुलांबेनच्या किनाऱ्यावर पांढऱ्या वाळूचें नांव नाहीं. मुठीएवढे, नारळाएवढे काळे गोटे पसरलेले असतात, आणि प्रत्येक लाटेबरोबर ते खळाळून वर येतात व खळाळत खालीं जातात.

परदेशचे लोक येथें येतात ते एका बुडालेल्या जहाजासाठीं. त्याचें नांव ‘लिबर्टी’. १९१८ सालीं अमेरिकेंत बांधलेलें हें मालवाहू जहाज दुसऱ्या महायुद्धांत आगगाडीचे सुटे भाग व रबर घेऊन ऑस्ट्रेलियाहून फिलिपाइन्सकडे चाललें होतें. ११ जानेवारी १९४२ रोजीं लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोनें त्याचा वेध घेतला. दोन युद्धनौकांनीं तें ओढीत उत्तरेकडील सिंगराजा बंदरास नेण्याचा प्रयत्न केला. परंतु आंत पाणी फार शिरल्यामुळें तें तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवावें लागलें. तेथें तें एकवीस वर्षें पडून होतें. १९६३ च्या उद्रेकाच्या वेळीं जमीन हादरली आणि जहाज घसरत पाण्यांत गेलें. आज तें किनाऱ्यापासून अवघ्या तीसचाळीस मीटरांवर कुशीवर निजलेलें आहे. लांबी सव्वाशें मीटरांच्या घरांत. वरचा भाग थोडक्या पाण्यांत, तर तळ तीस मीटरांच्या आसपास. पोलादावर प्रवाळांची वस्ती झाली आहे, आणि भल्या पहाटे गेल्यास कपाळावर टेंगूळ असलेले मीटरभर लांबीचे पोपटमासे तेथें थव्यानें दिसतात.

या जहाजापर्यंत जावयास होडी लागत नाहीं. पाठीवर हवेचें सिलिंडर बांधावयाचें, गोट्यांवरून चालत कमरेइतक्या पाण्यांत शिरावयाचें, पायांत पंखे चढवावयाचे आणि बुडी घ्यावयाची. वरवर पाहतां ही गोष्ट होडीपेक्षां सोपी वाटते. परंतु हिच्यांत एक अडचण आहे. आपल्याकडे मालवण-तारकर्लीस हौशी मंडळी पाण्याखालीं जातात, तेव्हां त्यांच्या चीजवस्तु होडींत राहतात, आणि होडी व होडीवाला डोक्यावर असतात. किनाऱ्यावरून बुडी घेणाराचें तसें नाहीं. त्याचें सामान तो जमिनीवर मागें ठेवून जातो, आणि पाऊणएक तास तो त्या सामानाच्या दृष्टीनें या जगांत नसतो. त्या अवधींत आपल्या लहानसहान वस्तूंचें काय करावें, हा प्रश्न दिसतो क्षुल्लक. पण चष्मा लावणाऱ्या माणसास तो क्षुल्लक नाहीं.

प्रथम हें सांगावयास हवें कीं, चष्मा घालून बुडी मारतां येत नाहीं. डोळ्यांवर व नाकावर बसणारा जो काचेचा मुखवटा, ज्यास आपण मास्क म्हणतों, त्याची रबरी कड चेहऱ्यास सर्व बाजूंनीं चिकटून बसावी लागते. चष्म्याच्या काड्या मधें आल्या कीं फट पडते व पाणी आंत येतें. पाण्यांत वस्तु मूळ अंतराच्या सुमारें तीनचतुर्थांश अंतरावर, आणि म्हणून मोठ्या, दिसतात. त्यामुळें अगदीं सौम्य नंबर असलेल्याचें साध्या मास्कनें निभावतें. नंबर मोठा असेल तर मास्कमध्यें नंबराचीं भिंगें बसवून मिळतात. तीं बहुधा अर्ध्याअर्ध्याच्या टप्प्यानें तयार असतात. आपल्या नंबराच्या जवळचीं घ्यावींत. डोळ्यांत बसविण्याचीं मऊ भिंगें वापरणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं एका दिवसाचीं, वापरून टाकून द्यावयाचीं भिंगें घ्यावींत, म्हणजे मास्कमध्यें पाणी शिरून भिंग वाहून गेलें तरी हानि थोडी, आणि पाण्यांतील जंतु भिंगाखालीं राहून डोळ्यास अपाय होण्याचें भयही कमी.

अशी पाण्याखालची व्यवस्था झाली. खरा पेंच पाण्याच्या अलीकडे व पलीकडे आहे. उणे सात नंबराच्या डोळ्यास चष्म्यावांचून सुमारें चौदा सेंटिमीटरांपर्यंतच स्पष्ट दिसतें. म्हणजे एका वितीच्याही आंत जग संपलें. अशा माणसास तुलांबेनच्या हलत्या गोट्यांवरून, पाठीवर ओझें घेऊन, चार पावलें टाकणें म्हणजे संकट. त्यांतून बालींतील लोक नारळीच्या पानाच्या इवल्या द्रोणांत फुलें ठेवून तो नैवेद्य रोज देवाला वाहतात, व तो कित्येकदां वाटेवर, उंबऱ्याशीं, भुईवरच ठेवलेला असतो. डोळस माणूस त्यास वळसा घालून जातो. ज्यास दिसत नाहीं त्याचा पाय कोणाच्या तरी पूजेवर पडावयाचा.

आमच्या मंडळींत पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांचा नंबर असाच जबर. मास्क त्यांनीं नंबराचा करून आणला होता. वाटाड्या म्हणाला, “चष्मा टॉवेलांच्या टोपलींत ठेवा, येथें कोणी चोरीत नाहीं.” बाईंनीं मान हलविली. “चोर नेईल ही भीति मला नाहीं हो,” त्या म्हणाल्या, “टोपलीवर कोणी बसेल ही आहे.”

तुलांबेनला सिलिंडरें वाहण्याचें काम गांवांतील बायका करतात. रिकाम्या सिलिंडराचेंच वजन चवदापंधरा किलो. तीं डोक्यावर घेऊन, पुष्कळदां दोनदोन, त्या गोट्यांवरून अनवाणी किंवा साध्या सपातांनीं जातात. डोक्यावरची चुंबळ पाहून आपल्याकडील पाणवठ्याची आठवण व्हावी. त्यांपैकीं एकीस बाईंनीं ‘इबू’ म्हणून हांक मारली. इबू म्हणजे आई; वडीलधाऱ्या स्त्रीस तिकडे असेंच म्हणतात. भाषा दोघींची वेगळी. बोलणें सगळें खुणांनीं. बाईंनीं मास्क धुऊन, केस मागें सारून, सर्व तयारी झाल्यावर अगदीं शेवटीं चष्मा काढला व कठीण डबींत घालून तिच्या हातीं दिला. इबूनें ती डबी त्यांच्यासमोर उघडली, आंत चष्मा आहे असें दाखविलें, मिटली, आणि कमरेच्या वस्त्रांत खोंचून पुढच्या खेपेस निघून गेली. आम्ही पाण्याखालीं असतां तिच्या किती खेपा झाल्या असतील कोण जाणे. पाऊण तासानें आम्ही वर आलों तेव्हां ती घोट्याइतक्या पाण्यांत उभी होती. बाईंनीं मास्क उतरविण्यापूर्वींच तिनें डबी काढली, पुन्हां उघडून दाखविली, आणि मग दिली.

ठेव मोजून द्यावी व मोजून घ्यावी, हें आपल्या वडीलमंडळींनीं पैशाविषयीं शिकविलें आहे. चष्म्यासही तोच नियम लागू आहे हें त्या इबूस कोणी शिकविलें नव्हतें. घेणाराचा व देणाराचा विश्वास दोन्हीं वेळां डबी उघडण्यानें कमी होत नाहीं. उलट त्यास कांहीं आधार मिळतो.

या प्रसंगावरून माझ्या मनांत एक विचार आला, तो वाचकांपुढें ठेवतों. मौल्यवान म्हटलें कीं आपण सोनेंनाणें समजतों व तें कडीकुलुपांत घालतों. चष्मा मात्र सपातांत, टोपीखालीं, फार झालें तर सदऱ्याच्या खिशांत. कारण तो चोरून नेणारास त्याचा उपयोग नाहीं. परंतु ज्याचा चोरास उपयोग नाहीं त्याचाच धन्यास सर्वांत अधिक उपयोग, अशी ही वस्तु आहे. परमुलखांत आंगठी हरवली तर मनास लागतें, पण मनुष्य चालत बिऱ्हाडीं जातो. चष्मा हरवला तर त्याला पाटी वाचतां येत नाहीं, मोटारीचा नंबर ओळखतां येत नाहीं, समोर येणारें माणूस आपलें कीं परकें हें कळत नाहीं. तेव्हां रक्षणाचा क्रम किंमतीवरून लावूं नये. ती वस्तु नसतां आपण किती पराधीन होऊं, यावरून लावावा.

हा क्रम लावला म्हणजे पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात. दागिने किनाऱ्यावर न्यावयाचेच नाहींत. पाण्यांत बोटें आकसतात, त्वचा निसरडी होते, व आंगठी केव्हां निघाली हें कळतही नाहीं. सोनें पाण्याच्या एकोणीसपटींहून जड. गोट्यांच्या फटींत पडलें कीं प्रत्येक लाटेबरोबर तें खालींच जातें. चकचकीत वस्तु पाहून बॅराकुडासारखे तीक्ष्ण दांतांचे मासे जवळ येतात, म्हणूनही जाणते लोक दागिने काढावयास सांगतात. ज्या भगिनींस मंगळसूत्र अंगावेगळें करणें प्रशस्त वाटत नसेल, त्यांनीं आंखूड व साधें घालून पाणपोषाखाच्या आंत दाबून बसवावें. लांब सर पट्ट्यांत अडकतो व तुटतो.

दुसरी गोष्ट जलाभेद्य डब्यांची. ‘पाण्यांत चालते’ असें लिहिलेली प्रत्येक वस्तु खोल पाण्यांत चालते असें नाहीं. दर दहा मीटरांस एका वातावरणाचा दाब वाढतो. तीस मीटरांवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो. घट्ट मिटलेल्या डबींतील हवेवर हा भार पडून डबी चेपते किंवा तडकते. ज्या घड्याळावर ‘३० मीटर’ असें कोरलेलें असतें तें हातपाय धुण्यापुरतें. तें घालून तीस मीटर खोल जाऊं नये. मोटारीची विजेवर चालणारी किल्ली आणि मोबाइल यांसही हाच न्याय. चष्मा डबींत घालून बरोबर खालीं नेण्याची युक्ति कोणी सुचविली तर ऐकूं नये.

किनाऱ्यावर इबूसारखें कोणीच नसेल तर काय करावें, याचें उत्तर जगाच्या दुसऱ्या बाजूस, व्हेनेझुएलाच्या उत्तरेस असलेल्या बोनेर नामक डच बेटावर पाहावयास मिळतें. तेथें किनाऱ्याच्या रस्त्याकडेला पिवळे रंगविलेले दगड मांडून बुडीच्या जागा दाखविल्या आहेत. प्रवासी भाड्याची मोटार दगडाशेजारीं उभी करतात व थेट समुद्रांत शिरतात. मागें राखणदार कोणी नाहीं. तेथील जाणत्यांचा सल्ला असा कीं, मोटारींत कांहींच ठेवूं नका, आणि दारें व कांचा उघड्या टाका; म्हणजे चोरास शोधण्यासारखें उरत नाहीं व कांच फुटत नाहीं. अशा ठिकाणीं नवा चष्मा बिऱ्हाडीं ठेवून जुना घालून जाणें शहाणपणाचें. पारपत्र, पैसे व खोलीची मुख्य किल्ली यजमानाच्या तिजोरींत. बरोबर लागेल तेवढेंच.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण लहान आहेत म्हणूनच विसरतात. चष्म्याची डबी कठीण कवचाची व भडक रंगाची असावी. काळ्या गोट्यांवर काळी डबी दिसत नाहीं, आणि शोधणाराच्या डोळ्यांवर त्या वेळीं चष्मा नसतो! डबीवर नांव व उतरण्याची जागा लिहावी. आंत नंबराची चिठ्ठी ठेवावी. बंद मोटारींत उन्हांत चष्मा ठेवूं नये. उष्णतेनें प्लास्टिकच्या भिंगांवरील लेप तडकतो. खाऱ्या पाण्याचे थेंब उडाले असल्यास कोरड्या फडक्यानें पुसूं नये, आधीं गोड्या पाण्यानें धुवावा. नाहीं तर मीठ व रेती कांचेवर चरे पाडतात. आणि दूरच्या प्रवासास निघतांना दुसरा चष्मा वेगळ्या पिशवींत असलाच पाहिजे; एकाच पिशवींत दोन चष्मे ठेवणें म्हणजे एकच चष्मा नेल्यासारखें आहे.

तुलांबेनच्या पाण्यांत सव्वाशें मीटरांचें जहाज जेथें निजलें तेथें नेमकें सांपडतें. त्याच पाण्यांत पडलेली आंगठी सांपडत नाहीं. लहान वस्तूचें रक्षण पाण्यांत शिरण्यापूर्वींच करावें लागतें, नंतर तिचा शोध उरतो. म्हणून बिऱ्हाडाहून निघतांना हातांतील प्रत्येक वस्तूविषयीं स्वतःस एक प्रश्न विचारावा: ही नसेल तर मी परत येथवर येऊं शकेन काय? ज्या वस्तूविषयीं उत्तर ‘नाहीं’ असें येईल, ती कोणाच्या हातीं द्यावयाची हें जमिनीवर असतांनाच ठरवून ठेवावें.