कोट वॉटरच्या काठी एक दुपार

खाजनाकाठी जन्मलेल्या गोव्याच्या माणसाला मासा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. भरतीचे पाणी मानशीतून आत यावे, ओहोटीला परत फिरावे, त्या फिरत्या पाण्याबरोबर शेवटे, काळुंदर, क्वचित एखादे चोणक जाळ्यात सापडावे आणि तिन्हीसांजेला घरोघर हुमणाचा वास दरवळावा, हा क्रम मी लहानपणापासून पाहत आलो. मासा धरावयाचा तो खाण्यासाठी. धरलेला मासा कोणी हौसेने पुन्हा पाण्यात सोडतो, असे मला सांगितले असते तर मी त्यास वेड्यात काढले असते. परंतु इंग्लंडमधील स्विंडन या गावी, ऐन जानेवारीच्या थंडीत, मी स्वतः तसे केले. वाचकहो, त्या दुपारची ही हकीकत आहे.

स्विंडन हे लंडनच्या पश्चिमेस सुमारे सव्वाशे किलोमीटरांवरील शहर. १८४३ साली तेथे रेल्वेचा मोठा कारखाना सुरू झाला आणि एका लहानशा गावाचे शहर झाले. तो कारखाना १९८६ साली बंद पडला. आज आमच्या गोव्यातील खेड्यापाड्यांत हे नाव ठाऊक आहे ते वेगळ्या कारणाने. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलांना पोर्तुगालात नोंद करून तेथील नागरिकत्व मिळू शकते. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर त्या पासपोर्टावर आमची कितीतरी मुले स्विंडनला गेली व तेथेच स्थिरावली.

माझा थोरला मुलगा २०१४ साली गेला. त्यासाठी त्याने भारतीय पासपोर्ट परत केला. मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले. दर स्वातंत्र्यदिनी मुलांना रांगेत उभे करून झेंड्याला वंदन करावयास लावले. माझ्याच घरातून हे व्हावे याचे मला फार वाईट वाटले आणि निघण्याच्या आदल्या रात्री मी त्याला बोलू नये ते बोललो. त्याने उलट उत्तर केले नाही. त्यानंतर दर रविवारी त्याचा फोन येई, परंतु बोलणे हवापाणी, औषधे आणि पैसे यांच्यापुढे कधी गेले नाही. अखेर त्याच्या आईने धरणे धरले, म्हणून आम्ही उभयता स्विंडनला गेलो.

तो एका गोदामात रात्रपाळी करी. सकाळी येऊन झोपे. दुपारी चारच्या सुमारास तो उठे, तेव्हा बाहेर अंधार पडू लागलेला असे. असे पाच दिवस गेले. शुक्रवारी सायंकाळी आमच्या सौभाग्यवतींनी दूध काढावयास फ्रिज उघडला आणि किंकाळी फोडली. दुधाशेजारी एका डबीत लाल रंगविलेल्या जिवंत अळ्या वळवळत होत्या! मुलगा प्रथमच मोकळेपणाने हसला. म्हणाला, “आई, घाबरू नकोस, त्या उद्याच्या आहेत. पपा, तुम्ही येता का तळ्यावर?”

हे तळे म्हणजे कोट वॉटर. शहराच्या आग्नेय टोकास सुमारे ५६ एकरांचा हा जलाशय आहे. निसर्गाने नव्हे, माणसाने केलेला. १८२२ साली जवळच्या कालव्याला पाणी पुरविण्यासाठी तो बांधण्यात आला. पुढे रेल्वे आली, कालव्यावरील मालाची वाहतूक घटत गेली, आणि १९१४ साली कालवा कायमचा मोडीत निघाला. तळे मात्र नगरवासीयांचे विश्रांतिस्थान होऊन राहिले. रिचर्ड जेफरीज हा निसर्गलेखक १८४८ साली याच काठच्या एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. त्याच्या ‘बेव्हिस’ या कादंबरीतील मुले याच पाण्यावर आपली साहसे करतात. पाण्यात १९३५ साली बांधलेला एक पांढरा काँक्रीटचा मनोरा उभा आहे. पूर्वी पोहणारे त्यावरून सूर मारीत. आता तेथे पोहण्यास बंदी आहे आणि मनोऱ्यावर केवळ पक्षी बसतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा झाडांवर एक पान नव्हते. काठची लव्हाळी वाळून पिवळी पडली होती. पाणी पाटीसारखे काळसर आणि तसेच सपाट. त्यावर धुक्याचा पातळ पदर. एक करडा बगळा आमच्याकडे न बघता उभा होता. काठावर, आपापसांत बरेच अंतर राखून, तिघे-चौघे इसम लहान स्टुलांवर बसले होते. कोणी बोलत नव्हते. एखाद्या देवळात मिस्सा सुरू होण्यापूर्वी जशी शांतता असते तशी ती मला भासली.

इंग्लंडात गोड्या पाण्यातील सामन व ट्राउट या माशांना मान मोठा. बाकीच्या रोच, पर्च, ब्रीम, टेंच, कार्प, पाइक आदी माशांना ते ‘कोर्स’ म्हणजे भरड मासे म्हणतात. गरीब कामकऱ्यांनी आपली हौस या भरड माशांवरच भागविली. तेरा वर्षांवरील प्रत्येकास गळ टाकण्यासाठी सरकारी परवाना लागतो, शिवाय त्या त्या पाण्याच्या मालकाचे तिकीट निराळे. १५ मार्च ते १५ जून या विणीच्या काळात नद्यांवर हे मासे धरण्यास मनाई असते. बहुतेक तळ्यांवरील ही सक्ती १९९५ साली उठली. गळाच्या दोरीला पूर्वी शिशाचे बारीक मणी लावीत. ते गिळून राजहंस मरू लागले, म्हणून १९८७ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आली. करमणुकीच्या माशालाही एवढी नियमावली पाहून माझ्यातील मास्तर संतुष्ट झाला.

हिवाळ्यात तळ्यावर मासा मिळविणे ही मात्र नियमांची नव्हे, धीराची गोष्ट आहे. माशाचे रक्त पाण्याइतकेच थंड असते. पाणी गारठले की त्याची भूक मंदावते, खाल्लेले पचण्यास फार वेळ लागतो. टेंच तर तळाशी निपचित पडून राहतो. पाण्याचा आणखी एक गुण असा की चार अंशांवर ते सर्वांत जड होते. म्हणून गोठावयाचे पाणी वर येते आणि त्यातल्या त्यात ऊबदार पाणी खाली राहते. परमेश्वराने ही योजना केली नसती तर तळी तळापासून गोठली असती आणि आतील जीव उरले नसते! थंडीत मासे अशा खोल जागी दाटीने गोळा होतात. जेथे ते आहेत तेथे सारेच आहेत, जेथे नाहीत तेथे दिवसभर बसूनही काही नाही. तेव्हा जागा जाणावी, गळ तांदळाच्या दाण्याएवढा बारीक घ्यावा, आमिष चिमूटभर टाकावे आणि वाट पाहावी.

मुलाने हे सर्व मला हळू आवाजात सांगितले. “हे तुला कोणी शिकविले?” मी विचारले. त्याने पलीकडे बसलेल्या एका वृद्धाकडे बोट दाखविले. तो तरुणपणी रेल्वेच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा त्याला दुसरे काही येत नव्हते.

“पहिल्या हिवाळ्यात मी इथे रोज येत होतो, पपा,” मुलगा पाण्याकडे पाहतच म्हणाला. “खोलीत आम्ही सहाजण. झोप येत नसे. घरी फोन करावा तर काय बोलणार? त्या म्हाताऱ्याने चार दिवस मला नुसते बसलेले पाहिले. पाचव्या दिवशी काही न विचारता आपला दुसरा गळ माझ्या हाती दिला आणि थर्मासमधला अर्धा चहा.”

मी काही बोललो नाही. आमचेही डोळे पाण्यावरील लाल बुचावर होते. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते शेजारी बसून, तिसऱ्याच वस्तूकडे पाहत, बोलता येते. दहा वर्षांत जे ऐकले नव्हते ते मी त्या दोन तासांत ऐकले. बूच हलले नाही. मला पेत्राची आठवण झाली. रात्रभर श्रमूनही ज्याची जाळी रिकामी राहिली, तोही आमच्याच जातीचा.

सूर्य कलू लागला तेव्हा बूच अर्धा इंच खाली गेले. “उचला!” मुलगा कुजबुजला. मी काठी उचलली, आणि दुसऱ्या टोकाला काहीतरी जिवंत थरथरले. जाळीत आला तो वीतभर रोच. रुप्यासारखे अंग, तांबडे पर, तांबडा डोळा. सवयीने माझ्या मनात आले, दोघांपुरते हुमण होईल.

मुलाने माझे हात धरून तळ्याच्या पाण्यात बुडविले. कोरड्या, उष्ण हातांनी धरले तर माशाच्या अंगावरील बुळबुळीत साय निघते आणि तो रोगाने मरतो. गळास उलटा काटा नव्हता. तो अलगद निघाला. मी मासा पाण्यात धरला. तो क्षणभर माझ्या ओंजळीतच राहिला, मग शेपटी हलवून काळ्या पाण्यात गेला. पलीकडून त्या वृद्धाने टोपीला हात लावला.

मासेमारीवरील इंग्रजीतील पहिला छापील ग्रंथ १४९६ सालचा. तो एका मठवासिनीने लिहिला अशी परंपरा आहे. त्यात सांगितले आहे की एकाच वेळी फार मासे मारू नयेत, ही करमणूक पैशासाठी नव्हे, आणि पाण्याकाठच्या एकांतात आपल्या नेहमीच्या प्रार्थना मनोभावे म्हणाव्यात. मी प्रार्थना म्हटली नाही. परतताना मात्र मुलाला म्हणालो, “त्या रात्री मी बोललो, ते चुकले माझे.” तो म्हणाला, “थंडी वाढली, पपा. मफलर नीट गुंडाळा.” आणि त्याने स्वतःच ती माझ्या गळ्याभोवती गुंडाळली.

आता आम्ही परत गावी आलो आहोत. मानशीवर ओहोटीला जाळे लागतेच, आणि ते मासे आम्ही आनंदाने खातोच. ते अन्न आहे. परंतु रविवारी फोन वाजला की हवापाणी विचारण्यापूर्वी मी विचारतो, “काय रे, काल बूच बुडाले का?” आणि मग बोलणे पुष्कळ वेळ चालते.