माशांच्या पेटीला खरे काय लागते?

आमच्या घरी येणारा पाहुणा माशांच्या पेटीपुढे थांबतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "केवढ्याला पडली?" मुले विचारतात, "यांची नावे काय?" पण मासे जिवंत कसे राहतात, हे फारसे कोणी विचारत नाही. आज त्याबद्दलच चार गोष्टी सांगाव्यात असे वाटले.

२०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर तालुकाही त्यात आला. तरी मासे आणि त्यांचे सामान आणायला आम्ही अजून नागपूरच गाठतो. पिशवीत एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से हवा भरून घेतली की प्रवासात मासे तग धरतात. घरी आल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवायची, म्हणजे आतले-बाहेरचे पाणी सारखे होते. खरेदी पोळा झाल्यावर, ऊन उतरले की करावी. मे महिन्यात मासे आणू नयेत.

पेटी किती मोठी?

आमची पेटी २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच आहे. मुलांनो, गणित करा: ६० × ३० × ३० सेंटीमीटर म्हणजे ५४ लिटर. नुसत्या पाण्याचेच वजन ५४ किलो! त्यात काच आणि रेती मिळवा. म्हणून ती भक्कम लोखंडी स्टँडवर, उन्हापासून दूर ठेवली आहे. काचेचा गोल बाऊल दिसायला सुंदर, पण त्यात पाणी थोडे आणि तेही लवकर तापते. मोठ्या पेटीतले पाणी हळू तापते, हळू निवते, आणि माशांना ते मानवते.

स्पंजचा फिल्टर

सगळ्या सामानात आमचा लाडका म्हणजे स्पंजचा फिल्टर. छोट्या एअर पंपाची नळी त्याला जोडायची. बुडबुडे वर जातात आणि त्यांच्याबरोबर पाणी स्पंजमधून ओढले जाते. पण तो फक्त कचरा अडवत नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विष आहे. स्पंजमध्ये वस्ती करणारे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने सौम्य असते. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या पेटीत एकदम दहा मासे सोडू नयेत. दोन-तीनपासून सुरुवात करावी. स्पंज धुवायचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच. नळाखाली धुतला तर क्लोरीनने जीवाणू मरतात.

एअर पंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. लाईट गेली की पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरू शकते. आणि पेटीत हात घालण्याआधी सगळी बटणे बंद, हा नियम आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना आहे.

दोन बादल्या आणि एक नळी

दुकानात रंगीत दगड, प्लास्टिकची झाडे, तोंड उघडणारा मगर असे खूप काही मिळते. पण आमच्या कामाला सगळ्यात जास्त येतात त्या दोन साध्या बादल्या आणि सायफनची नळी. दर रविवारी नळीने रेतीतला गाळ ओढून पाव हिस्सा पाणी काढतो. तेच पाणी तुळशीला आणि मोगऱ्याला घालतो. नवे पाणी आदल्या दिवशीच उघड्या बादलीत भरून ठेवतो, म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात. या दोन बादल्यांना साबण कधीच लागत नाही. त्या कपड्यांना वापरायच्या नाहीत हे घरात ठरलेले आहे.

थर्मामीटर आणि मे महिना

आपल्याकडे खरी परीक्षा उन्हाळ्याची. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशाला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३२ अंशाला ७ च्या थोडाच वर. आणि उष्णतेत माशांना प्राणवायू लागतो मात्र जास्त. मे महिन्यात आमची मुलगी दुपारी तीन वाजता थर्मामीटर पाहून वहीत आकडा लिहिते. ३२ च्या वर गेला की पेटीचे झाकण काढून जाळी ठेवतो आणि पाण्यावर छोटा पंखा लावतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने पेटीतले पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. आपली हवा कोरडी असल्याने हा उपाय इथे चांगला चालतो. पाणी मात्र रोज आटते. तेवढे वरून भरावे लागते. हिवाळ्यात ५० वॅटचा एक हीटर पुरतो. पाणी काढण्याआधी तो बंद करावा, नाहीतर काच तडकते.

गेल्या मे महिन्यात एकदा संध्याकाळच्या वादळात लाईट गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. सेलवर चालणारा पंप आम्ही आणून ठेवला होता, तो लावला. खाणे बंद केले. तास-दीड तासाने पाळीपाळीने उठून मगने पाणी काढायचे आणि वरून धार सोडायची, म्हणजे हवा मिसळते. अकरा मासे होते. म्हातारा झालेला एक एंजल सकाळी गेलेला दिसला, दहा वाचले. मुलगी रडली. मग तिनेच वहीत तारीख, वेळ आणि तापमान लिहिले. त्या रात्री कामाला आला तो सेलचा पंप आणि मग. बाकी शोभेचे सामान नुसते उभे होते.

एक विनंती

कंटाळा आला म्हणून मासे जाम किंवा कन्हान नदीत सोडू नका. पेटीतला काच चाटणारा सकर मासा देशात कितीतरी नद्या-तलावांत पसरला आहे आणि कोळ्यांच्या जाळ्यांची डोकेदुखी झाला आहे. नको असतील तर कुणाला तरी द्या.

आपल्या शाळेच्या विज्ञान खोलीत अशी एक पेटी असावी असे मुले म्हणतात, ते आम्हालाही पटते. पाण्याचे गणित, जीवाणू, प्राणवायू, सगळे एकाच ठिकाणी शिकायला मिळेल. विश्वस्त मंडळींना आमचे सांगणे एवढेच की पेटी घेण्याआधी एक वही घ्यावी. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज कोण येणार, त्यांची नावे त्यात लिहून घ्यावीत. ते पान भरले तर पेटी जरूर घ्यावी. मे महिन्यातली पहिली पाळी आमची धरा.