चिमण्यांचें अन्नछत्र व आगंतुक पाहुणे

पांखरांना दाणे घालावेत, असें सर्वच म्हणतात. परंतु ते दाणे ज्यांच्यासाठीं घातले त्यांच्याच मुखीं पडणें किती कठीण आहे, हें ज्यानें आपल्या अंगणांत चिमण्यांचें अन्नछत्र उघडलें असेल त्यासच ठाऊक.

आमचें वरवंड गांव दौंड तालुक्यांत, पुणें-सोलापूर रस्त्यावर आहे. कालव्याच्या व व्हिक्टोरिया तलावाच्या पाण्यानें या भागांत ऊंस वाढला आणि ज्वारी-बाजरी मागें पडली. माळ्यावर उभें राहून गोफणीनें पांखरें हांकण्याचे दिवसही सरत आले. शेतांतील दाणा कमी झाला; जुन्या घरांच्या जागीं सिमेंटचीं घरें आल्यानें घरट्याचा आडोसाही गेला. म्हणून आम्हीं बाजरीच्या कणसांची एक जुडी अंगणांतील कडुनिंबाच्या फांदीस टांगली.

चिमण्या आल्या, आणि त्यांच्यामागून खारही आली. दोरीवरून उलटी उतरून, मागल्या पायांनीं लोंबकळत, ती पुढल्या पायांत कणीस धरून कुरतडूं लागली. निम्मे दाणे खालीं सांडत. त्यांवर दिवसा पारवे उतरत, रात्रीं उंदीर येत, आणि उंदरांच्या वासानें मांजर येऊन दबा धरून बसे. मांजरास उंदीर काय आणि चिमणी काय, दोन्ही सारखींच!

उपाय सुचविणारे पुष्कळ भेटले. मुलांनीं गोफण मागितली. तेव्हां आजी म्हणाली, “खारीच्या पाठीवर रामरायाचीं बोटें आहेत रे, तिला दगड मारूं नका.” एका शेजाऱ्यांनीं उंदरांसाठीं विषारी दाणे ठेवण्यास सांगितलें. परंतु विषास पाहुणा ओळखतां येत नाहीं. उंदरासाठीं ठेवलेला दाणा चिमणीही टिपते.

मग आम्हीं व्यवस्थाच बदलली. अंगणाच्या मध्यभागीं, झाडापासून व भिंतीपासून सात-आठ हात दूर, दोन खांबांवर तार ताणून तिला जुडी बांधली. जुडीच्या दोहों बाजूंस तारेंत पोकळ नळीचे तुकडे ओंवले. खारीचा पाय पडतांच ते गरकन फिरतात व ती खालीं उतरते. दाण्यांस थोडें तिखट चोळलें. तिखटाची जळजळ खारीस व उंदरास होते, पक्ष्यांस होत नाहीं. राघू मिरच्या आवडीनें खातो, त्याचें कारण हेंच. कणसें मोजकींच टांगावयाचीं आणि सांडलेला दाणा दिवस मावळण्यापूर्वीं झाडून काढावयाचा, असा नियम केला. त्यामुळें पारवे व उंदीर कमी झाले. मांजरास दबा धरतां येऊं नये म्हणून जुडीखालीं बाभळीच्या कांट्या पसरल्या. खारीसाठीं मात्र परसांतील भिंतीवर भाकरीचा तुकडा निराळा ठेवतों.

दाणा किती घालावा, हा प्रश्न लहान नव्हे. २०२५ सालीं मुंबईंत दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद माजला! एका बाजूस भूतदया, दुसऱ्या बाजूस कबुतरांच्या विष्ठेनें होणारे श्वासाचे विकार. अमर्याद दानानें घेणाऱ्यांची गर्दी वाढते, आणि त्या गर्दींत जो दुबळा तोच उपाशी राहतो.

वाचकहो, मूठभर दाणे फेंकण्यास क्षणही लागत नाहीं. ते योग्य मुखीं जावेत म्हणून रोज देखरेख करावी लागते. अन्नछत्राच्या दारीं पहारा अवश्य असावा, परंतु पहारेकऱ्याच्या हातीं दगड असूं नये.