मेजवानीत न दिसलेली मुलगी

'द रूल्स ऑफ अट्रॅक्शन' हा २००२ सालचा अमेरिकन सिनेमा मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. अशा सिनेमांवर आपल्याकडे एक ठरलेली प्रतिक्रिया असते, 'बघा, तिकडची पिढी कशी वाया गेली!' हे वाक्य मी मशिदीबाहेरच्या गप्पांत ऐकलंय आणि गणेश मंडळाच्या कट्ट्यावरही. या एका बाबतीत आपली सर्वांची एकजूट आहे.

सिनेमा ब्रेट ईस्टन एलिसच्या १९८७ मधल्या कादंबरीवर बेतलेला आहे आणि दिग्दर्शक आहे रॉजर एव्हरी. कॅम्डेन नावाचं एक काल्पनिक कॉलेज. पैसेवाल्यांची मुलं, रोज पार्टी, दारू, ड्रग्ज, आणि सकाळी नाव न आठवणारी शरीरं. अभ्यास करताना कुणी फारसं दिसतच नाही. व्हिक्टर नावाचा मुलगा युरोप फिरून येतो. तो सगळा प्रवास एव्हरीने चारेक मिनिटांत, धाप लागेल अशा वेगाने उरकलाय. शहरं, नशा, मुली यांची नुसती यादी. हसू येतं. लॉरेन मात्र त्याची वाट बघत थांबलेली असते. तो परततो तेव्हा त्याला ती कोण हेच आठवत नाही. हसू तिथेच विरतं.

शॉन हा कॉलेजात ड्रग्ज विकणारा मुलगा. त्याला कुणीतरी निनावी प्रेमपत्रं पाठवत असतं. ती लॉरेनचीच असणार, असं तो स्वतःशी ठरवून टाकतो. प्रत्यक्षात पत्रं लिहिणारी मुलगी वेगळीच असते. ती एके दिवशी बाथटबमध्ये हाताच्या नसा कापून मरते. त्यानंतर दिग्दर्शक आपल्याला आधीचेच प्रसंग पुन्हा दाखवतो. त्या सगळ्या प्रसंगांत ती होती! मागे, कडेला, गर्दीत. शॉनने तिला पाहिलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे आपणही पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा सिनेमा बघताना मी इथे चक्क मागे जाऊन खात्री करून घेतली. तिचं नाव काय, हेही सिनेमा आपल्याला सांगत नाही.

म्हणून ती ठरलेली प्रतिक्रिया मला पटत नाही. दारू आणि स्वैराचार या सिनेमात भरपूर आहे आणि त्याचं कौतुक अजिबात नाही. पण ती मुलगी दारूने मेली नाही. शेकडो माणसांत तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. एका प्रसंगात पडदा दोन भागांत विभागलेला असतो, एकीकडे शॉन, दुसरीकडे लॉरेन. दोघं समोरासमोर येतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघतात आणि दोन चित्रांचं एक चित्र होतं. दोन माणसांनी एकमेकांकडे नीट पाहिल्याचा असा क्षण या सिनेमात शोधूनही दुसरा सापडत नाही. बाकी सगळे एकमेकांना वापरतात.

आता आपल्याकडे या. मूल शिकायला बाहेर पाठवलं की आपण फोनवर काय विचारतो? नमाज पढतोस ना? वाईट संगत नाही ना? पैसे पुरतात का? प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यातला प्रत्येक प्रश्न पहारेकऱ्याचा आहे. मूल व्यसनापासून लांब राहिलं की आपलं काम झालं असं आपण मानतो. निर्व्यसनी मूलही त्या मुलीइतकंच एकटं असू शकतं, हे आपल्या हिशेबात बसतच नाही.

माझी भाची पुण्यात वसतिगृहात राहते. हुशार आहे, तक्रार करत नाही, घरच्यांना तिचा अभिमान आहे. गेल्या आठवड्यात फोनवर नेहमीची चौकशी झाल्यावर मी विचारलं, "जेवायला कुणाबरोबर बसतेस गं?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "असं का विचारताय, मामू?"

त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो. या रविवारी मी पुण्याला जातोय.