दोह्यात अरबी कशासाठी?

कतारमध्ये अरबीवाचून फारसं अडत नाही, आणि अरबी शिकण्यातली खरी अडचण तीच. मूळ कतारी लोकसंख्येच्या सुमारे दहा-बारा टक्केच. दुकानात हिंदी-उर्दू चालते, कचेरीत इंग्रजी. मराठी अभियंता तिथे वर्षानुवर्षं राहतो, आणि त्याची अरबी सलामापुढे सरकत नाही.

कतारी घरातला ड्रायव्हर किंवा घरकाम करणारी बाई मात्र मोडकीतोडकी का होईना, अरबी उचलते. गरज शिकवते, पण गरजेपुरतंच.

रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लँबर्ट यांनी 1959 साली माँट्रियलमध्ये फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास मांडला. निव्वळ उपयोगासाठी शिकणाऱ्यांपेक्षा फ्रेंच माणसांच्या जवळ जाऊ पाहणारी मुलं सरस ठरली होती. हा निष्कर्ष दोह्यात फार पटतो.

2019च्या कायद्याने सरकारी कामकाजात अरबी सक्तीची केली. त्याने कागद बदलले. ओढ मात्र कायद्याने लागत नाही.

सूक वाकिफ या बाजाराजवळ, वळणदार मिनाराच्या ‘फनार’ केंद्रात अरबीचे वर्ग भरतात. कुणीही भाग पाडलेलं नसताना तिथे येणाऱ्याला काय हवं असेल? पाट्या वाचणं, कुराण मुळातून समजणं, की शेजाऱ्याच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीत, बसून गप्पांत भाग घेणं?