रथाचें अस्तर

आमच्या वडील बंधूंना जाऊन गेल्या फाल्गुनांत तीन वर्षें झालीं. त्यांच्यामागें घरांत ज्या वस्तु उरल्या त्यांतील बहुतेकांची व्यवस्था आपोआप लागली. धोतरजोड्या वाटून टाकल्या, पोथ्या माझ्याकडे आल्या, चष्मा वहिनींनीं देवघराच्या कोनाड्यांत ठेवला. अंगणांतील कडुनिंबाखालीं उभी असलेली त्यांची टाटा सुमो मात्र कोनाड्यांत मावणारी नव्हती. गाडी १९९८ सालची. दादांनीं ती २००४ मध्यें परभणीच्या एका गृहस्थांकडून घेतली होती. गंगाखेड तालुक्यांतील आमच्या गांवापासून गोदावरीच्या दोन्ही तीरांवर आप्तेष्टांकडे जेवढीं म्हणून लग्नें, मुंजी, बारशीं आणि तेरावे झाले, त्या साऱ्यांना तिनें इमानानें हजेरी लावली.

माझा पुतण्या पुण्यास नोकरीला असतो. त्याचें म्हणणें असें कीं, २०२१ पासून सरकारनें जुन्या गाड्या रीतसर मोडींत काढण्याची योजना आंखली आहे, तिचा लाभ घेऊन हें धूड एकदांचें हलवावें. त्याचें चुकलें असें मी म्हणणार नाहीं. परंतु गाडीचें यंत्र निरोगी होतें. दादांनीं तेलपाण्यांत कधीं कसूर केली नव्हती, आणि पंधरा वर्षांची पहिली मुदत संपल्यावर पांच पांच वर्षांनीं नवी करीत आणलेली नोंदणी २०२८ पर्यंत चालती होती. बिघडलें होतें तें आंतलें सारें. तीन उन्हाळे व तीन पावसाळे बंद राहिलेल्या गाडीच्या पोटांत काय होतें, हें प्रत्यक्ष पाहिल्यावांचून कळावयाचें नाहीं. छताचें कापड वटवाघळासारखें लोंबत होतें, डॅशबोर्डाला भेगा पडल्या होत्या, आसनांतून फोमचा पिवळा भुगा गळत होता, आणि मधल्या बैठकीखालीं उंदरानें संसार थाटला होता.

उन्हाळ्याच्या सुटींत पुतण्याचा मुलगा आला. तो तंत्रनिकेतनांत दुसऱ्या वर्षाला आहे. वहिनी त्याला म्हणाल्या, "बाळा, ही गाडी बसण्यासारखी करून दे. मला एकदां औंढ्याला जाऊन यायचंय." वहिनींचें वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहींत, आणि हल्लींच्या ठेंगण्या मोटारींत वांकून शिरवत नाहीं. औंढा नागनाथ आमच्याच जिल्ह्यांत होतें. १९९९ सालीं हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हां तें तिकडे गेलें. दादा असतांना दर श्रावणांत तिकडे एक खेप होई. तेव्हां नातू पाने घेऊन पुढें सरसावला आणि मीही बाह्या सारून त्याच्यामागें उभा राहिलों.

आरंभींच नांवाचा एक उलगडा झाला. सुमो म्हणतांच नातवाच्या डोळ्यांपुढें जपानी मल्ल उभा राही. वस्तुतः टेल्को कारखान्याचे दीर्घकाळ सूत्रधार असलेले सुमंत मूळगावकर १९८९ सालीं वारले, आणि १९९४ सालीं ही गाडी निघाली तेव्हां तिला त्यांच्या नांव-आडनांवांचीं आद्याक्षरें देण्यांत आलीं. इंग्रजींत आडनांवाचीं पहिलीं दोन अक्षरें 'मो' अशींच वाचलीं जातात. २०१९ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. दशरथाच्या सारथ्याचें नांव सुमंत्र होतें, हेंही मीं ओघानें सांगितलें; पण तोंवर नातू गाडीखालीं शिरला होता.

आसनें काढणें हें पहिलें काम. तळाचे नट इतके गंजले होते कीं गोटी पाना नुसता फिरून येई. त्यांवर डिझेल सोडून रात्रभर ठेवलें, तेव्हां सकाळीं ते हलले. काढलेला प्रत्येक स्क्रू कोठला हें लक्षांत राहावें म्हणून मीं औषधांच्या रिकाम्या बाटल्या घेतल्या व वर चिठ्ठ्या चिकटविल्या: 'पुरोभाग, दक्षिण', 'मध्य, वाम' इत्यादि. संस्कृतांत दक्षिण म्हणजे उजवी बाजूही, कारण पूर्वेला तोंड करून उभें राहिलें कीं उजवा हात दक्षिणेस येतो. गाडीही तेव्हां पूर्वाभिमुख होती. पुढें सांवलीसाठीं ती उलट फिरवून पश्चिमाभिमुख केली. नातवानें 'दक्षिण' या चिठ्ठीचा अर्थ शाळेच्या भूगोलाप्रमाणें घेतला, आणि उजव्या दाराचे स्क्रू डाव्या दारांत बसविण्याची खटपट अर्धा दिवस चालली. "आजोबा, नुसतं उजवं-डावं लिहिलं असतं तर?" एवढेंच तो म्हणाला. त्यानंतर तो प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं मोबाईलवर त्याचें छायाचित्र घेऊं लागला, आणि माझ्या बाटल्यांकडे कोणी पाहीनासें झालें.

तळाचें रबर उचललें तेव्हां खालचा नमदा ओला लागला. चैत्र संपत आला होता आणि पाऊस पडून सहा महिने झाले होते, तरी ओला! नमदा एकदां भिजला कीं वर रबर असल्यामुळें वाळत नाहीं, आणि खालचा पत्रा कुजत राहतो. पाणी येतें कोठून याचा आम्हीं शोध घेतला. पुढच्या कांचेचें रबर कडक होऊन एका कोंपऱ्यांत सुटलें होतें, आणि दारांच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं जीं भोकें असतात तीं निंबाच्या पाल्यानें बुजलीं होतीं. घरीं असा उद्योग करूं इच्छिणारांना मी एवढेंच सांगेन कीं, अस्तराला हात लावण्यापूर्वीं पाण्याची वाट बंद करा. नाहींतर नवें कापड म्हणजे गळक्या घरांत घातलेली सतरंजी. आम्हीं रबर बदललें, भोकें तारेनें मोकळीं केलीं, गंज तारेच्या ब्रशानें व घासकागदानें खरवडून त्यावर रेड ऑक्साईडचे दोन हात दिले, आणि आठ दिवस गाडी उघडी ठेवून मगच नवा नमदा अंथरला.

छताच्या बाबतींत चूक माझी झाली. छताच्या कापडाला पाठीमागून फोमचा पातळ थर असतो. आमच्याकडे वैशाखांत पारा ४४ अंशांवर जातो; बंद गाडीच्या आंत त्याहून कितीतरी अधिक. त्या तापानें फोमचें पीठ होतें आणि कापड सुटतें. जुना थर खरवडण्याचा कंटाळा करून मीं त्यावरच डिंकासारखें चिकटद्रव्य फांसून नवें कापड लावलें. चार दिवस तें सुरेख दिसलें. पांचव्या दुपारीं सगळें छत आमच्या डोक्यावर आलें. मग मुकाट्यानें तें खालीं काढलें, दोघांनीं दोन दिवस बसून पाठीचा भुगा खरवडला, उष्णता सोसणारें चिकटद्रव्य आणविलें आणि काम भल्या पहाटे, ऊन वर येण्याआधीं उरकलें.

आसनांसाठीं मात्र कुशनवाले चाचा हवे होते. गंगाखेडचे हे कारागीर चाळीस वर्षें ट्रॅक्टरांचीं आणि काळ्या-पिवळ्या जीपांचीं आसनें शिवीत आले आहेत. त्यांनीं हातानें दाबूनच सांगितलें कीं जुना फोम मेला आहे. फोम घनतेवर विकला जातो. एका घनमीटराचें वजन जितके किलो, तितकी त्याची घनता. दिवाणाला ३२ चा पुरतो, पण गाडीला ४० च्या आसपासचा हवा, नाहींतर वर्षाच्या आंत बूड तळाला टेकतें, असें त्यांचें मत.

वर काय मढवावें यावर घरांत मोठा वाद झाला. नातवाला चामड्यासारखें दिसणारें काळें रेक्झीन हवें होतें, लाल शिवणीचें. वहिनींना साधें जाडें कापड. या वादांत मी पाणिनीला ओढलें. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायांत, कशानें मढविलेल्या रथाला काय म्हणावें, यासाठीं स्वतंत्र सूत्रें आहेत. वस्त्रानें मढविलेला तो वास्त्र, कांबळ्यानें मढविलेला तो काम्बल, फिकट रंगाच्या विशिष्ट कांबळ्यानें मढविलेला पाण्डुकम्बली, वाघाच्या कातड्याचा वैयाघ्र आणि बिबट्याच्या कातड्याचा द्वैप. टीकाकार तर असेंही बजावतात कीं, मढविणें म्हणजे चहूंकडून लपेटणें. विद्यार्थ्यांनीं नुसता गराडा घातलेल्या रथाला असें नांव मिळत नाहीं. ज्या काळीं रथाच्या अस्तरावरून व्याकरणाचे नियम करावे लागले त्या काळींही घराघरांतून असेच वाद झाले असतील. नातू म्हणाला, "म्हणजे रेक्झीनला पाणिनीची ना नाही." तें खरेंच होतें. अखेर त्याचा निकाल पाणिनीनें नव्हे, उन्हानें लावला: चाचांनीं रेक्झीनचा एक तुकडा व कापडाचा एक तुकडा भर दुपारीं अंगणांत तासभर ठेवला आणि नातवाला दोहोंवर हात ठेवावयास सांगितलें. बसण्याच्या जागीं कापड व कडांना तेवढें रेक्झीन असें ठरलें.

आतां चालकाच्या आसनाविषयीं. दादांना उजवें कोपर खिडकींत टेकून उजव्या अंगावर कलून बसण्याची संवय होती. सतरा-अठरा वर्षांत त्या आसनाच्या उजव्या बाजूला ओंजळीएवढा खोलगट खड्डा पडला होता. आवरण उतरविल्यावर तो फोममध्यें स्पष्ट दिसूं लागला. मी त्याच्याकडे पाहत राहिलों. माणूस गेला, त्याची बैठक राहिली, असें कांहींसें मनांत येऊन घसा दाटला. चाचांना तें उमगलें असावें, ते म्हणाले, "गुरुजी, हा ठेवायचा का भरायचा? ठेवायचा तर वरून नुसता पातळ थर देतो." मीं सांगितलें, ठेवा.

वहिनी ओसरींत तांदूळ निवडीत होत्या. त्या काठी टेकीत बाहेर आल्या. "त्या खड्ड्यानंच त्यांची कंबर गेली, भाऊजी," त्या म्हणाल्या. "दहा वर्षं सांगत होते, आसन बदला. शेवटी शेवटी कूस बदलायला माणूस लागायचा. भरा तो, चाचा, आणि चांगला घट्ट भरा."

चाचांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं मान हालविली. त्या रात्रीं मला बराच वेळ झोंप आली नाहीं. मला आठवत होता तो गाडी चालविणारा दादा. वहिनींना आठवत होता तो गाडींतून उतरल्यावरचा. रात्रीं दोन वाजतां उठून त्यांच्या कमरेला शेक देणें माझ्या वांट्याला कधीं आलें नव्हतें.

यापुढें मीं ठरविलें कीं बसणार त्यांना विचारून काम करावयाचें. डाव्या बाजूचें पुढचें आसन वहिनींचें. चाचांनीं त्यावर कच्चे टांके घातले, आणि तें आसन आम्हीं लोखंडी चौकटीसह ओसरींत विटांवर, गाडींत असतें तेवढ्या उंचीवर मांडलें. चार दिवस वहिनी त्यावरच बसून भाजी निवडीत, जप करीत, दूरदर्शनवरचें कीर्तन ऐकत. पहिल्या दिवशीं त्या म्हणाल्या, पाय अधांतरीं राहतात. चाचांनीं पुढची कड दीड इंचानें उतरविली. तिसऱ्या दिवशीं म्हणाल्या, पाठीला खालीं आधार नाहीं. तेथें एक वळकटी भरली. पांचव्या दिवशीं कांहींच म्हणाल्या नाहींत, आणि दुपारीं त्यांवर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली. तेव्हां चाचांनीं पक्की शिवण घातली.

नातवाच्या मनांत आणखी पुष्कळ होतें. मागच्या दोन आडव्या बैठका काढून तेथें गादी टाकावी, निळे दिवे लावावे, असें त्याला वाटे. दिव्यांना मीं हंसून नकार दिला; बैठकांच्या बाबतींत कायदा काढून दाखविला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या मूळ नोंदीशीं विसंगत असा फेरफार करूं देत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तसेंच बजावलें आहे. कापड, फोम, नमदा बदलण्यास हरकत नाहीं. आसनांची संख्या व सांगाडा यांना हात लावावयाचा नाहीं. तथापि त्या आडव्या बैठकांना पट्टे नाहींत, ही गोष्ट मला बोंचत होती. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सायरस मिस्त्री गेले ते मागच्या आसनावर, पट्टा न बांधतां बसलेले असतां. म्हणून आम्हीं असें ठरविलें कीं हमरस्त्यावर त्या बैठका सामानासाठीं, माणसांसाठीं नाहींत. पुढच्या पट्ट्यांची वीण विरली होती. ती शिवून न घेतां पट्टे समूळ नवे आणून मूळच्याच भोकांत बसविले. नव्या मोटारींच्या आसनांच्या कुशींत हवेच्या पिशव्या असतात, तेथें घरीं शिवलेलें आवरण घालणें धोक्याचें. आमच्या गाडीला ती उपाधि नव्हती.

दाराखालीं रुंद पायदान आणि कांचेशेजारच्या खांबाला धरण्यास लोखंडी मूठ, ही वहिनींसाठीं केलेली शेवटची भर. सारा खर्च एकतीस हजारांच्या आंत झाला. पुतण्याला आंकडा कळविला तेव्हां तो कांहीं बोलला नाहीं. पण पुढच्या शनिवारीं पुण्याहून आला, आणि चालकाच्या जागीं तोच बसला. नव्या घट्ट आसनावर तो दोन-तीनदां हालला. "बाबांची सीट अशी नव्हती," तो म्हणाला. मागून वहिनींचा आवाज आला, "म्हणूनच."

औंढ्याला पोंचावयास अकरा वाजले. देवळाशीं गाडी थांबतांच पुतण्या आधार द्यावयास धांवला. पण तो वळसा घालून येईपर्यंत वहिनी मूठ धरून, पायदानावर एक पाय व जमिनीवर दुसरा, अशा आपल्याआपण उतरल्या होत्या. दर्शन झालें, सांवलींत बसून दहींपोहे खाल्ले. परत निघतांना त्यांनीं मुठीला हात लावला आणि झटकन मागें घेतला. दीड तासांत ऊन तिच्यावर आलें होतें.

"भाऊजी, हिलाही थोडं कापड गुंडाळायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

चाचांकडे तुकडा उरला आहे. येत्या रविवारीं त्यांना बोलाविलें आहे.