तेव्हा आठवर, आता दोनवर

झेनिट-ई कॅमेऱ्यासोबत येणारी हेलिओस ४४-२ ही लेन्स एके काळी सोव्हिएत संघात लाखोंनी तयार झाली. ५८ मिलिमीटर, एफ/२, झाइसच्या जुन्या बायोटार लेन्सवर बेतलेली. अंग धातूचं, आत काचेची सहा भिंगं, आणि वीज लागेल असं काहीही नाही. आमच्या मामाने सत्तरच्या दशकात कामानिमित्त मॉस्कोला गेल्यावर ती आणली होती. आज ती माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर असते. लेन्स तीच आहे. पण तेव्हा तिच्याकडून आपण काय मागायचो आणि आता काय मागतो, यात जमीन-अस्मानाचा फरक पडलाय.

मामाचं फोटो काढणं पायांपासून सुरू व्हायचं. मुंज असो की गौरी-गणपती, तो अंतर पावलांनी मोजायचा. चार पावलं म्हणजे तीन मीटर. मग फोकसची रिंग तीनच्या आकड्यावर आणि अ‍ॅपर्चर आठवर. लेन्सच्या अंगावर अंतराची पट्टी कोरलेली असते, ती बघितली की कळायचं : अडीच मीटरपासून पावणेचार मीटरपर्यंत जे काही येईल ते स्वच्छ येणार. कॅमेरा डोळ्याला लागायचा तो फक्त चौकट बघण्यापुरता. ‘‘अगं, फोकस आधीच करून ठेवायचा असतो. माणसं आपल्यासाठी थांबत नाहीत,’’ असं तो सांगायचा.

त्याच्या या शिस्तीला कारणं होती. झेनिट-ईच्या व्ह्यूफाइंडरमध्ये नुसती दुधी काच असायची. फोकस जुळला की नाही हे दाखवणारी मधली दुभंगलेली प्रतिमाही तिच्यात नव्हती. शिवाय हेलिओसला अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा. एकीवर आकडा ठरवायचा, दुसरी फिरवून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं, उजेडात फोकस करायचा आणि बटण दाबण्याआधी तीच रिंग उलटी फिरवायची. ती फिरली की समोरचं दृश्य अंधारून जायचं. एवढं होईपर्यंत मातृभोजनाचा घास बटूच्या तोंडात गेलेलाही असायचा.

त्यात रोल ३६ फोटोंचा. पूर्व जर्मनीचा ओर्वो, नाहीतर उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू. रोलचे पैसे, धुण्याचे पैसे, प्रिंटचे पैसे. एकही फोटो वाया घालवणं परवडायचं नाही. म्हणून एफ/२ वर कुणी सहसा जायचंच नाही. घरात ट्यूबच्या मिणमिणत्या उजेडात फोटो काढायची वेळ आली तरच नाइलाजाने. लेन्सचा जो सगळ्यात मोठा गुण, तो असा जन्मभर मिटून राहिला.

१९८५ साली मिनोल्टा ७००० आला आणि एसएलआर कॅमेऱ्यांतलं ऑटोफोकस हौशी लोकांच्याही आवाक्यात आलं. फोकसची मोटर कॅमेऱ्यात बसली आणि हाताने फिरवायच्या लेन्स कपाटात गेल्या. डिजिटल एसएलआर आले तेव्हाही त्यांचं नशीब फारसं उघडलं नाही. हेलिओसच्या एम४२ माउंटला मागे, फिल्म किंवा सेन्सरपर्यंत, ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं. निकॉनच्या एसएलआरमध्ये ते ४६.५ भरतं. एवढ्याशा फरकाने दूरचं दृश्य फोकसमध्ये येईना. मिररलेस कॅमेऱ्यांनी मात्र आतला आरसाच काढून टाकला. २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या ल्युमिक्स जी१ ने सुरुवात केली, २०१३ मध्ये सोनीचा ए७ पूर्ण ३५ मिलिमीटरच्या आकाराचा सेन्सर घेऊन आला. सोनीचं अंतर अवघं १८ मिलिमीटर. उरलेली जागा एक पोकळ धातूचं कडं भरून काढतं. त्यात काच नाही, तार नाही. मेनूत ‘लेन्स नसतानाही शटर चालू द्या’ एवढं सांगितलं की झालं.

यातून काय हाती आलं, ते पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत दिसलं. तांब्याच्या हंड्यावर मठारकाम चाललेलं. मी अर्ध्या मीटरवर, म्हणजे हेलिओसच्या सगळ्यात जवळच्या टप्प्यावर, एफ/२ उघडून बसले. या अंतरावर स्पष्ट दिसणारा पट्टा एक सेंटिमीटरही रुंद नसतो. मामाने अशा ठिकाणी हात जोडले असते. पण आता दृश्य इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये कितीतरी पटींनी मोठं करून बघता येतं आणि फोकस जिथे बसतो तिथल्या कडा रंगीत उजळतात. रिंग केसभर फिरवली की ती रंगीत रेघ हातोडीच्या एका ठशावरून दुसऱ्यावर सरकायची. हातोडीचं टोक, नुकताच पडलेला चकचकीत ठसा, की ठोकणाऱ्याचा अंगठा? कॅमेरा काही सुचवत नव्हता. माझं मलाच ठरवायचं होतं.

चिंचेच्या झाडाखाली माणूस उभा करून फोटो काढा, म्हणजे हेलिओसची दुसरी ओळख पटते. पानांमधून झिरपणारे उजेडाचे ठिपके कडांकडे लंबगोल होत जातात आणि सगळी पार्श्वभूमी माणसाभोवती गरगरल्यासारखी दिसते. लेन्सच्या कडेला प्रकाशाची वाट अर्धवट अडते, त्यामुळे हे होतं. तेव्हा याला दोष म्हणत. आज तरुण मुलं त्यासाठीच ही लेन्स शोधत मुंबईचा बोरा बाजार आणि पुण्याचा जुना बाजार पालथा घालतात, आणि मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं.

तरीही मामाच्या पद्धतीतलं काही हातचं सुटतंय. तो माणसांकडे उघड्या डोळ्यांनी बघत असायचा. आम्ही सतत व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा खुपसून असतो. अंतराचा अंदाज त्याच्या पायांत होता. बहुतेक ऑटोफोकस लेन्सवर अंतराची पट्टी नीट उरलेलीच नाही, त्यामुळे त्यांच्यावर हे शिकायची सोयही नाही. हेलिओसवर ती आजही जशीच्या तशी आहे.

तुमच्या घरी अशी एखादी लेन्स असेल तर आधी तिला चामड्याच्या पिशवीतून बाहेर काढा. चामडं ओल धरतं, आणि आपल्या पावसाळ्यात काचेवर बुरशीचं जाळं धरायला वेळ लागत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पण नुसती जपून ठेवू नका, वापरा. घरातल्या मुलांच्या हातात द्या. त्यांना एफ/२ वर बिनधास्त फोटो वाया घालवू द्या, आणि एकदा तरी आठवर ठेवून, पावलं मोजून, व्ह्यूफाइंडरमध्ये न बघता फोटो काढायला लावा. मामाला यातलं एकच करता आलं, आपल्याला दोन्ही करता येतं. या लेन्सचे खरे चांगले दिवस आत्ता आलेत.